वाइन पातळ असूनही 'ड्राय' कशी? मराठी पत्रकात काय लिहावं?

द्राक्षपान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम हातात आहे. मूळ इंग्रजी मजकुरात 'ड्राय' हे एकच विशेषण पावलोपावली भेटतं आणि दर वेळी वेगळ्या वेषात. 'ड्राय' शेनिन ब्लाँ (व्हाइट वाइन), 'ऑफ-ड्राय' रोझे (गुलाबी वाइन), 'बोन ड्राय' सॉव्हिन्यों ब्लाँ (हीही व्हाइट), 'एक्स्ट्रा ड्राय' स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन), शिराझ ह्या रेड वाइनच्या वर्णनात 'ड्राय फिनिश', बेदाण्याच्या पुड्यावर 'ड्राय ग्रेप्स' आणि शेवटच्या पानावर 'ड्राय डे'ला टेस्टिंग बंद.

पहिल्या मसुद्यात सगळीकडे 'सुकी वाइन' पडलं. ते वाचून बोंबलाचा वास यायला लागतो. 'शुष्क वाइन' वाचली की प्यायची इच्छाच मरते. 'कोरडी' त्यातल्या त्यात बरं, पण पातळ पदार्थ कोरडा कसा, हे पाहुणा विचारणारच.

अडलेलं एवढंच:
१. वाइनच्या बाबतीत 'ड्राय' म्हणजे नेमकं काय? आकड्यात सांगता येतं का?
२. 'एक्स्ट्रा ड्राय' स्पार्कलिंग 'ब्रूट' लिहिलेल्या साध्या स्पार्कलिंगपेक्षा गोड लागते. उलटं नको का?
३. रेड वाइन प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं म्हणून तिला ड्राय म्हणतात, असं बरेच जण सांगतात. खरं का?
४. मराठीत शब्द कोणता धरावा?

शब्दखुंटी

चौथ्यापासून सुरू करतो, बाकीचं वाइनवाले सांगतीलच.

'ड्राय' दिसला की आधी विचारायचं, ह्याच्या उलट काय? टॉवेल ड्राय असेल तर उलट ओला. त्वचा ड्राय असेल तर उलट तेलकट. खोकला ड्राय असेल तर उलट कफाचा. मंच्युरियन ड्राय असेल तर उलट ग्रेव्हीचं. टोस्ट ड्राय असेल तर उलट लोणी लावलेला. गाय ड्राय असेल तर उलट दुभती. आणि वाइन ड्राय असेल तर उलट गोड. ओली नव्हे. इंग्रजीत हा शब्द 'पाणी नाही' एवढ्यावर थांबत नाही. त्या जागी जे असेल असं आपण धरून चालतो, ते नाही, एवढंच तो सांगतो. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडे चांगले भिजतात, पण पाण्यात नाही, द्रावकात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८.५ अंशाला त्याचा थेट वायू होतो, वितळून पाणी होत नाही, म्हणून ड्राय.

आता गंमत बघा, मराठीचा 'कोरडा' हेच करतो. कोरडवाहू जमिनीच्या उलट ओली जमीन म्हणत नाही कोणी, बागायती म्हणतात. पावसाळ्यात कोरडवाहू रान चिखलाने भरलेलं असलं तरी ते कोरडवाहूच, कारण नाही ते सिंचन. म्हणजे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला 'कोरडी वाइन' समजावणं अवघड नाही.

'सुका' मात्र मुख्यतः दोन ठिकाणी नीट बसतो. एक, ज्यात आधी पाणी होतं आणि ते गेलं: सुकी मिरची, सुका मेवा, सुके बोंबील. दुसरं, रस्सा नसलेलं: सुकी भाजी, सुकं मटण. वाइनमधून पाणी गेलेलं नाही आणि तिचा रस्साही काढलेला नाही. त्यामुळे 'सुकी वाइन' बाद.

'रुक्ष' आणि 'शुष्क' माणसांसाठी आणि भाषणांसाठी ठेवा. तिथेही एक खड्डा आहे. लेक्चर ड्राय म्हटलं तर ती तक्रार. 'ड्राय ह्यूमर' म्हटलं तर कौतुक: चेहऱ्यावरची रेषही न हलवता, सहज बोलल्यासारखा केलेला विनोद. त्याचं भाषांतर 'शुष्क विनोद' केलं की बरोब्बर उलटा अर्थ होतो, म्हणजे कोणालाच हसू न आलेला विनोद.

आंबवण

पहिला, दुसरा आणि तिसरा प्रश्न. तिन्हींचं मूळ एकच, म्हणून सलग लिहितो.

द्राक्षरसातली साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. साधारण १७ ग्रॅम साखरेमागे लिटरला १ टक्का अल्कोहोल, असा हिशेब धरतात. २३ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडलेल्या द्राक्षांतली साखर पूर्ण आंबली तर अल्कोहोल १३ टक्क्यांच्या घरात जातं. यीस्टने साखर जवळजवळ संपवली की वाइन 'ड्राय' झाली. शेवटी उरते ती शेष साखर, आणि ड्राय की गोड हे तिच्यावरच ठरतं. रंग, वास, अल्कोहोल, किंमत, कशाचाही संबंध नाही.

युरोपीय संघाची मोजपट्टी साध्या (बुडबुडे नसलेल्या) वाइनसाठी अशी:
– ड्राय: लिटरला ४ ग्रॅमपर्यंत
– मीडियम ड्राय: १२ ग्रॅमपर्यंत
– मीडियम स्वीट: त्याच्यावर, ४५ ग्रॅमपर्यंत
– स्वीट: ४५ ग्रॅम आणि पुढे

ह्यात एक पोटकलम आहे आणि बहुतेक जण ते गाळतात. आम्लता पुरेशी असेल तर ड्रायची मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत आणि मीडियम ड्रायची १८ ग्रॅमपर्यंत सरकते. ड्रायसाठी अट अशी की टार्टारिक आम्लात मोजलेली एकूण आम्लता साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त खाली नसावी. उदाहरण: साखर ७ आणि आम्लता ५.५ असेल तर फरक दीडचा, वाइन ड्राय. साखर तीच ७, पण आम्लता ४.५ असेल तर फरक अडीचचा, ती मीडियम ड्राय. कारण उघड आहे, आंबट गोडीला झाकतं. आपल्याकडे पिकण्याच्या काळात ऊन तापलं की द्राक्षातलं आम्ल झपाट्याने उतरतं, म्हणून हे कलम इथे जास्त लक्षात ठेवायचं.

'ऑफ-ड्राय' म्हणजे ड्रायच्या जरा पलीकडे, गोडीची चाहूल. 'बोन ड्राय' म्हणजे हाडासारखी ठणठणीत, बोलीत १ ग्रॅमच्या खाली. हे दोन्ही वर्णनाचे शब्द. कायद्याच्या पट्टीत ते नाहीत, त्यामुळे दोन वायनऱ्यांचा 'ऑफ-ड्राय' जुळेलच असं नाही.

स्पार्कलिंगची पट्टी वेगळी, आणि गोंधळ इथेच होतो:
– ब्रूट नेचर: ३ ग्रॅमच्या खाली, वरून साखर न घालता
– एक्स्ट्रा ब्रूट: ६ पर्यंत
– ब्रूट: १२ च्या खाली
– एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७
– ड्राय (फ्रेंचमध्ये 'सेक'): १७ ते ३२
– डेमी-सेक: ३२ ते ५०
– डू: ५० च्या वर

एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन आजच्यापेक्षा फार गोड असायची, काही बाजारांत तर सरबतासारखी. त्या मापाने ३० ग्रॅमची बाटली 'ड्राय'च होती. पुढे इंग्लंडच्या गिऱ्हाइकांना आणखी कमी गोड हवी झाली. ड्राय आणि एक्स्ट्रा ड्राय ही नावं आधीच वापरून संपली होती, म्हणून त्यांच्या खाली 'ब्रूट' म्हणजे 'कच्ची, जशीच्या तशी' अशी नवी पायरी आली. पोमेरी ह्या शॅम्पेनवाल्यांची १८७४ सालची ब्रूट त्यातली गाजलेली. नावं जुनी राहिली, जीभ बदलली. तेव्हा पत्रकात एक्स्ट्रा ड्रायला 'अति कोरडी' लिहिलंत तर ते सरळ चूक ठरेल. 'किंचित गोड' लिहा.

व्हर्मुथला (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) तर आणखी वेगळी फूटपट्टी. तिथे लिटरला ५० ग्रॅमच्या खाली असेल तरी 'ड्राय' म्हणता येतं. लंडन ड्राय जिनमध्ये वरून घातलेली साखर ०.१ ग्रॅमच्या पुढे चालत नाही. शब्द एक, मोजमाप चार.

तिसरा प्रश्न: खरं नाही. रेड वाइनने जीभ-हिरड्या ओढल्यासारख्या होतात ते टॅनिनमुळे. टॅनिन सालीतून आणि बियांतून उतरतं. रेड सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात जास्त. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. ह्याला मराठीत नेमका शब्द आहे: तुरट. आपल्या सहा रसांत तुरटला स्वतंत्र घर आहे, इंग्रजीत रोजच्या बोलण्यात तसं नाही, म्हणून तिथे लोक 'ड्राय'ने वेळ मारून नेतात. आपण कशाला मारायची? तुमच्या शिराझचं 'ड्राय फिनिश' मराठीत 'शेवटी तुरट चव रेंगाळते' असं लिहा.

गोड रेडही असते आणि तिच्यात टॅनिन भरपूर असू शकतं. पोर्ट ही गोड रेड प्याल तर गोड आणि तुरट दोन्ही एकदम लागेल. उलट बोन ड्राय सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये तुरटपणा जवळपास नाही.

पिंपळगाव_बेदाणा

बेदाण्यापुरतं. 'ड्राय ग्रेप्स' चूक आहे, 'ड्राइड ग्रेप्स' हवं, आणि खरं तर 'रेझिन्स' म्हणा म्हणजे वादच नको. 'ड्राय' म्हणजे आत्ताची अवस्था: पाऊस उघडला, पानं पुसली गेली, द्राक्षं ड्राय झाली. पॅकिंगला आत जाणाऱ्या निर्यातीच्या घडाला ड्रायच असावं लागतं, नाहीतर पेटीत कुजतो. 'ड्राइड' म्हणजे मुद्दाम वाळवलेलं, परत द्राक्ष न होणारं. बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या (इथिल ओलिएट) पाण्यात बुडवतात. प्रमाण लिटरला २५ ग्रॅम आणि १५ मिली. त्याने सालीवरचा मेणाचा थर मोडतो आणि पाणी लवकर निघतं. मग शेडमध्ये जाळीवर पंधरा दिवसांच्या आसपास. ओल १५ टक्क्यांच्या घरात आली की झाला बेदाणा.

त्याच न्यायाने 'ड्राइड चिली' म्हणजे सुकी मिरची, आणि 'चिली ड्राय' म्हणजे हॉटेलातली बिनग्रेव्हीची डिश. 'ड्राय फ्रूट' मात्र रूढ झालंय, त्याला आता हात लावू नका.

द्राक्षपान (प्रश्नकर्ता)

आंबवण, पिंपळगाव_बेदाणा, फार उपयोगी. तुरटचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका राहते. शेनिन ब्लाँची शेष साखर पत्रकात लिटरला ३ ग्रॅम दिली आहे, म्हणजे चोख ड्राय. तरी पाहुणे म्हणतात, 'ही तर गोड आहे.' त्यांना आकडा दाखवला तर पटत नाही. काय सांगावं?

पेलाभर

आकड्याने नाही पटणार, जिभेने पटवावं लागतं. शेनिनला पिकलेल्या पेरूचा, अननसाचा, मधाचा वास येतो. आयुष्यभर ते वास आपण गोडाबरोबरच घेतलेले, म्हणून नाक गोड म्हणतं आणि जीभ मागोमाग मान डोलावते. पाहुण्याला नाक चिमटीत धरून घोट घ्यायला सांगा. वास बंद झाला की 'गोडी' निम्म्याहून उतरते. नाक सोडलं की परत येते. खरी गोड वाइन नाक दाबूनही गोडच लागते.

आणखी दोन कारणं तपासा. वाइन कोमट झाली की गोडी पुढे येते आणि आंबटपणा बोथट होतो. व्हाइट ८ ते १२ अंशांत द्या. बाटली दुपारी काउंटरवर तासभर उभी राहिली की तक्रार ठरलेली. दुसरं, जास्त अल्कोहोलही जिभेला गोडसर भासतं.

उलटी तक्रारही येते: 'ही फार आंबट, ड्राय म्हणजे आंबट का?' बहुधा आधीचा पेला गोड वाइनचा असतो. ओतायचा क्रम कायम ड्रायकडून गोडाकडे. एकदा ४५ ग्रॅमची लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) जिभेवरून गेली की पुढची ३ ग्रॅमची व्हाइट लिंबासारखी लागणारच.

वाइन न उघडता समजावायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या सामानात होतं:

चार बाटल्यांत एकेक लिटर पाणी घ्या. पहिलीत काही नाही, दुसरीत ४ ग्रॅम साखर (एक सपाट चहाचा चमचा), तिसरीत १२, चौथीत ४५. साखर काट्यावर मोजा. शिगोशिग चमचा दीडपट होतो आणि सगळा हिशेब बिघडतो. दुसऱ्या बाटलीत बऱ्याच जणांना गोडी कळतही नाही. 'ड्राय'ची रेघ तिथेच का ओढली ते आपोआप समजतं. तुलनेला सांगा, बाजारातल्या शीतपेयात लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते.

मग तिसऱ्या, १२ ग्रॅमच्या बाटलीत चार-पाच कागदी लिंबांचा रस पिळा. आम्ल साधारण वाइनइतकं, लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास होतं. गोडी दिसेनाशी होते. आंबवण यांनी सांगितलेल्या पोटकलमामागचं कारण ते हेच.

शेवटी कोरा चहा. दूध-साखर न घालता चहापत्ती दहा मिनिटं भिजू द्या आणि गार करा. तोंड ओढलं जातं, ते तुरट. आता त्यात साखर घाला. गोड झाला तरी तोंड ओढतोच. ड्राय वेगळं आणि तुरट वेगळं हे ह्याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही. दुधाचा चहा चालणार नाही, दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच धरून ठेवतात आणि प्रयोग फसतो.

आंबवण

पेलाभर यांच्या उत्तराला एक पुरवणी. पत्रकातला ३ ग्रॅम हा आकडा कोणत्या वर्षीच्या वाइनचा आहे ते बघा. शेनिन बऱ्याचदा मुद्दाम ऑफ-ड्राय ठेवतात: टाकी थंड करून यीस्ट झोपवायचं, मग बारीक गाळणीतून गाळून काढायचं, म्हणजे साखर उरते. कधी आंबण्याची क्रियाच मध्ये अडकते. टाकी ३५ अंशांपुढे तापली किंवा रसात नायट्रोजन कमी पडला की यीस्ट हात टेकतं आणि साखर मागे राहते. यीस्ट ग्लुकोज आधी संपवतं, त्यामुळे उरतं ते मुख्यतः फ्रुक्टोज, आणि ते ग्लुकोजपेक्षा बरंच गोड.

हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायचं साधन) विसंबू नका. ड्राय वाइनचं वाचन १.००० च्या खाली, ०.९९० ते ०.९९६ च्या दरम्यान येतं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. पण ०.९९६ दाखवणाऱ्या वाइनमध्ये २ ग्रॅम साखर आहे की ६, हे त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेचाच आकडा छापा.

शब्दखुंटी

शेवटच्या पानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

'ड्राय डे'चं भाषांतर करू नका. 'कोरडा दिवस' वाचून पाऊस उघडलाय असं वाटेल. मराठी वर्तमानपत्रंही 'ड्राय डे'च छापतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेले. मतदानाआधी प्रचार संपतो तेव्हापासूनचे ४८ तास कायद्याने बंद. शिवाय राज्य आणि जिल्हाधिकारी जाहीर करतील ते. यादी छापू नका, 'शासनाने जाहीर केलेल्या ड्राय डेला' एवढं पुरे. तुमच्याकडे गुजरातचे पाहुणे पुष्कळ, त्यांना 'ड्राय स्टेट' चांगलंच माहीत असतं. वर्धा आणि गडचिरोली हे आपल्याकडचे ड्राय जिल्हे. चंद्रपूर २०१५ ते २०२१ मध्ये होता.

इंग्रजी प्रत सुधारणार असाल तर स्पेलिंग बघून घ्या. 'जास्त ड्राय' ह्या अर्थाचं ड्रायर डी-आर-आय-ई-आर. केसांचं किंवा कपड्यांचं यंत्र डी-आर-वाय-ई-आर. शब्दकोश अदलाबदल चालवून घेतात, पण पत्रकात 'ही वाइन त्या वाइनपेक्षा हेअर-ड्रायर आहे' असं वाचलं जायला नको.

'ड्राय रन'ही सांभाळून. कार्यक्रमाच्या संदर्भात ती पाहुण्यांशिवायची तालीम, रंगीत तालीम नव्हे, कारण रंगीत तालमीत सगळा साज असतो. बागेत 'मोटर ड्राय रन झाली' म्हणजे पंप पाण्याशिवाय फिरला आणि सील जळालं. पहिली मुद्दाम करतात, दुसरीला रिवाइंडिंगवाला बोलवावा लागतो.

द्राक्षपान (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचं धरून असा मसुदा झालाय, चूक दिसली तर सांगा:

'शेनिन ब्लाँ. ड्राय (गोडी नसलेली). शेष साखर लिटरला ३ ग्रॅम. पेरू-अननसाचा वास. थंड प्यावी.'
'रोझे. ऑफ-ड्राय (गोडीची चाहूल). शेष साखर लिटरला १० ग्रॅम.'
'स्पार्कलिंग. एक्स्ट्रा ड्राय (नाव काहीही असो, किंचित गोड). शेष साखर लिटरला १५ ग्रॅम.'
'शिराझ. ड्राय. शेवटी तुरट चव रेंगाळते.'

'कोरडी' शेवटी वापरलंच नाही. 'ड्राय' ठेवून शेजारी अर्थ दिला.

शब्दखुंटी

बरोबर केलंत. बाटलीवर 'ड्राय' छापलेलं असताना पत्रकात 'कोरडी' आलं की पाहुणा दोन वेगळ्या वाइन समजतो. 'नाव काहीही असो' मात्र काढा, विकणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

आंबवण

शिराझची शेष साखर राहिली. तीही टाका, नाहीतर लोक 'तुरट' वाचून तेच ड्रायचं कारण समजतील. आणि 'थंड प्यावी'च्या जागी '८ ते १२ अंश' लिहा. फ्रीजमधून थेट काढलेली बाटली ४-५ अंशांवर असते, त्यात पेरूही लागत नाही आणि अननसही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग ओता.